जाहीर न झालेला निकाल

अण्णा,

तुम्ही गेल्यापासून माणसं आमच्या दुकानात येतात, कापड बघतात, घडी मोडतात आणि काही न घेता तुमच्याबद्दल बोलत बसतात. कुणाच्या सासूला तुम्ही पेन्शन लावून दिली, कुणाच्या पोरीचं मोडत आलेलं लग्न सावरलं, कुणाला बिदरला नेऊन साहेबाच्या टेबलापुढं उभं केलं. सांगता सांगता डोळे पुसतात. पण एका गोष्टीबद्दल कुणी तोंड उघडत नाही. यंदाच्या निवडणुकीबद्दल. जणू ती झालीच नाही, जणू तुम्ही जन्मात कधी स्वतःसाठी काही मागितलंच नव्हतं.

म्हणून मी लिहायला बसलेय. तुम्हाला कळवायला नव्हे. तुम्हाला सगळं ठाऊक होतं. पण पक्षात आल्यापासून मी ज्या एका माणसाशी रोज भांडत आले तो माणूस गेला, आणि भांडण माझ्याजवळ तसंच राहिलं.

तुमच्या घराची पुढची खोली, तिथंच आपल्या पक्षाचं ऑफिस. भाडं कधी कुणी दिलं नाही आणि तुम्हीही विचारलं नाही. हुलसूर तालुका झाला तेव्हापासून आपल्या पक्षाचा तालुकाध्यक्ष वरून नेमून यायचा. तो बसवकल्याणला राहायचा, आणि गावात कुणी गेलं की मातीला तुम्ही जायचा. यंदा बेंगळूरहून निरोप आला, अध्यक्ष सभासदांनीच निवडायचा, गुप्त मतदानानं. निरोप वाचून झाला आणि आम्ही सगळे एकेक नाव काढायला लागलो. तुम्ही चष्मा पुसत बसला होता. पुसता पुसताच म्हणालात, "औंदा मी उभारतो."

तुमच्या मंडळी, आमच्या अक्का, आतून चहा घेऊन आल्या होत्या, त्यांना हसू आलं.

"येवढ्या वर्षानं काय सुचलं ह्यांना?"

तुम्ही हसला नाहीत. "मागितल्याबिगर पक्षाला कळत न्हाई, आपण हावोत म्हणून."

इतकी वर्षं तुम्ही खुर्च्या मांडल्या, सतरंज्या झटकल्या, बेंगळूरच्या पुढाऱ्यांची कन्नड भाषणं आमच्या बायकांना मराठीत करून सांगितली, आणि आमचं रडगाणं त्यांना कन्नडात. मला वाटायचं तुम्हाला तेवढंच आवडतं. तुमच्या मनातही काही होतं हे त्या दिवशी कळलं.

माझी तुमची ओळखही त्या भाषांतरातूनच झाली. गल्लीत पाणी येत नव्हतं आणि आम्ही बायका रिकाम्या घागरी घेऊन सभेत घुसलो होतो. तुम्ही मला हाताला धरून स्टेजवर चढवलंत. माईक पुढं आला आणि माझी वाचा बसली. "साहेब, पाणी न्हाई येत," एवढंच कसंबसं बोलले. बाजूला उभं राहून तुम्ही त्याचं कन्नड करायला लागलात ते थांबेचनात. हातवारे काय, आवाज काय! साहेबांचा चेहरा पडत गेला आणि आठवड्यात पाईप आला. खाली उतरल्यावर मी विचारलं, "मी येवढं कुठं बोलले अण्णा?"

"तू पोटात बोललीस. मी ते बी कन्नडात केलो."

त्या दिवसानंतर मला बोलायला भीती वाटली नाही. पंचायतीत एकदा निवडून आले, कचेरीत टेबलावर हात आपटायला शिकले. हे सगळं तुमचं देणं. हे तुम्हाला कधी म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर तुम्ही लगेच काहीतरी काम सांगितलं असतं.

तुमच्या विरुद्ध संगमेश उभा राहिला. दुसऱ्या पक्षातून येऊन त्याला फार काळ झाला नव्हता. खडी क्रशर त्याचा, टिपर त्याचे, तालुक्यातलं निम्मं रस्त्याचं काम त्याचं. मी त्याचं नाव काढलं की तुम्ही म्हणायचा, "पोरगं वाईट न्हाई. त्याला कुणी न्हाई म्हणलं न्हाई, येवढंच झालंय." अर्ज भरायच्या आधी तो तुमच्या पाया पडायला आला. माझ्यादेखत म्हणाला, "अण्णा, तुमी मार्गदर्शक व्हा. अध्यक्षाची दगदग मी करतो."

"मार्गदर्शक म्हणजे रस्त्याच्या कडंचा दगड का रं?" तुम्ही विचारलंत. "त्याला बघून समदे पुढं जातेत, त्यो तिथंच."

तो हसला, चहा प्याला, पुन्हा पाया पडला आणि गेला. तुम्ही गेटपर्यंत सोडायला गेलात.

मग आपला प्रचार सुरू झाला. माझी स्कूटी, मागं तुम्ही. धोतराचा सोगा हातात धरून, एका बाजूला दोन्ही पाय टाकून बसायचा; गावात शिरलो की पोरं ओरडायची. तुम्ही त्यांना हात करायचा. सीमेकडच्या गावांत फोनला महाराष्ट्राची रेंज यायची आणि तुम्ही म्हणायचा, "बघ, आपण परराज्यात आलाव, आता खरं बोलाय हरकत न्हाई." पारावर बसून एकाशी कन्नड, दुसऱ्याशी मराठी, तिसऱ्याशी दखनी. कुणाला काही द्यायचं कबूल केलं नाही. एवढंच सांगायचा, "माझी खोली समद्यांना ठावं हाय. दार उघडंच आसतंय."

रसूलभाईंच्या घरी गेलो तो दिवस मला विसरता येत नाही. गाद्या-रजया भरणारे रसूलभाई, पक्षात तुमच्याइतकेच जुने. कापसाचे कण केसांत तसेच, ते उठून आले, दार लोटून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मत तो आपकूच है अण्णा. पर मेरा नाम नक्को लेव कहीं. पोट्टे की नौकरी है." त्यांचा मुलगा पंचायतीच्या नळाचं पाणी सोडायच्या कामावर होता, ते काम कच्चं, कधीही सुटेल असं. तुम्ही त्यांच्या खांद्यावर हात ठेवलात. बाहेर येऊन स्कूटीवर बसलात. मग मागून तुमचा आवाज आला, "शैला, माणसं आपलीच हायेत. पर भेत भेत आपली हायेत."

मंगल कार्यालयात मतदान झालं. बेंगळूरहून निरीक्षक आला होता, पांढरा शर्ट, हातात दोन फोन. तुमच्या वतीनं मोजणीला मी बसले, संगमेशच्या वतीनं त्याचा मेहुणा. चिठ्ठ्या उघडत गेल्या आणि दोन ढीग वाढत गेले. आपला ढीग मोठा होता अण्णा. थोडाथोडका नव्हे, बघणाऱ्याला मोजायची गरज पडू नये इतका मोठा. मेहुण्याच्या कपाळाला घाम आला होता. भीत भीत का होईना, आपली माणसं आत जाऊन तुमच्या नावावर शिक्का मारून आली होती.

निरीक्षकाचा फोन वाजला. तो बाहेर गेला. परत आला तेव्हा त्यानं दोन्ही ढीग एकत्र करून पेटीत टाकले, पेटीला कुलूप लावलं आणि कन्नडात सांगितलं, निकाल बेंगळूरहून जाहीर होईल. मी ओरडले. तो माझ्याकडे न बघता पेटी घेऊन गाडीत बसला. बाहेर आपली पोरं गुलाल घेऊन उभी होती. तुम्ही त्यांना म्हणालात, "जाहीर होऊ द्या, मग उधळा."

जाहीर झालं ते व्हॉट्सॲपवर. सर्वसंमतीनं तालुकाध्यक्षपदी संगमेश. मी धावत तुमच्या खोलीवर आले. तुम्ही फोन लांब धरून वाचलंत, मला परत दिलात आणि आत आवाज टाकला, "दोन कप टाक गं."

मी म्हणाले, बेंगळूरला जाऊ. पत्रकारांना बोलावू. कोर्टात जाऊ. "तुमी जिंकलाव अण्णा. मी डोळ्यानं बघितले."

"मलाबी तू सांगितलीस की. कळलं मला. माझ्या माणसांनी मला निवडलं, येवढं कळलं. बास झालं."

"बास कसं झालं? माझं बास झालं न्हाई."

तुम्ही चहा फुंकत राहिलात. त्या दिवशी मी कप न उचलता उठले.

आणि मग सत्कार. त्याच मंगल कार्यालयात. मी गेले नाही, तुम्ही गेलात. संध्याकाळपर्यंत तालुक्यातल्या प्रत्येक फोनमध्ये तो फोटो होता. संगमेश वाकलेला, तुम्ही त्याच्या गळ्यात हार घालताय, आणि हसताय. नुसतं तोंडदेखलं हसणं नव्हतं ते, तुमचं नेहमीचं, दात दिसणारं. तो फोटो मी पुसला, पुन्हा कुणी पाठवला, पुन्हा पुसला.

तुमच्याकडे यायचं मी बंद केलं. शेवटी बसस्टँडवर गाठ पडली. तुम्ही बसवकल्याणच्या बसची वाट बघत होता, बगलेत पिशवी. मी सरळच विचारलं.

"कामून घातलाव हार?"

"आणला होता कुणीतरी. उगं वाळून गेला आसता."

"चेष्टा नको अण्णा."

तुम्ही पिशवी खाली ठेवलीत. "शैला, मला कोण कोण मत टाकलं, हे संगमेशची पोरं हुडकायलेत. गावागावानं हुडकायलेत. मी कोर्टात गेलो तर काय म्हणतील? कोण टाकलं सांग, उभं कर. रसूलला उभं करू का मी? हार घातलो, भांडण मिटलं. भांडण मिटलं की हुडकणं मिटतंय."

"म्हणजे भ्यालाव."

"व्हय. भ्यालो."

तुम्ही चिडाल म्हणून मी ते बोलले होते. तुम्ही इतक्या सहज हो म्हणालात की माझाच राग वाढला. मी म्हणाले, "आन् ज्यांनी तुमच्यासाठी भेत भेत शिक्का मारला, त्यांना तो फोटू बघून काय वाटलं आसंल? ते तर आत जाऊन भ्याले न्हाईत. थोडा वेळ का हुईना, न्हाई भ्याले."

तुम्ही पिशवी पुन्हा बगलेत घेतलीत. तोंड उघडलंत, मिटलंत. मग म्हणालात, "बस आली."

बस खरंच आली होती. तुम्ही चढलात, खिडकीशी बसलात. पण मला आजही वाटतं की उत्तर तुमच्या ओठांवर होतं. मी पुढच्या बसची वाट बघा म्हणायला हवं होतं, की तुमच्याबरोबर चढायला हवं होतं? काय सांगणार होता अण्णा?

हारानं हुडकणं मिटलं नाही. पंधरवडा गेला नसेल, रसूलभाईंच्या मुलाला पंचायतीनं उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. कारण काही दिलं नाही. तुम्ही त्याच दिवशी संगमेशच्या ऑफिसात गेलात. आता पक्षाचं ऑफिस त्याच्या कॉम्प्लेक्समध्ये गेलं होतं, काचेचा दरवाजा, आत एसी. तुम्हाला बाहेरच्या बाकावर बसवलं. अध्यक्ष मीटिंगमध्ये आहेत म्हणाले. सकाळ गेली, दुपार झाली. संगमेश मागच्या दारानं निघून गेला. तुम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलात. हे तुम्ही मला सांगितलं नाहीत, अक्कांनाही नाही. रसूलभाईंनी सांगितलं, आणि सांगताना ते रडले. मुलाच्या नोकरीसाठी नाही रडले. "अण्णा बाकडे पे बैठे थे," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते.

हे ऐकल्यावर माझा राग गेला असं मी लिहिलं तर बरं दिसेल. तो गेला नाही. त्यात दुसरं काहीतरी मिसळलं, आणि ते मिश्रण मला अजून गिळता येत नाही.

मग तुमची छाती दुखली आणि तुम्हाला कलबुर्गीला नेलं. मी आले तेव्हा तुमच्या नाकात नळी होती. तुमचा मुलगा महांतेश पुण्याहून आला होता, अक्का खुर्चीत बसून जप करत होत्या. तुम्ही मला बघून विचारलंत, "बसला जागा भेटली का?" मी मान हलवली. एवढ्यात रसूलभाई आले, हातात मोसंबीची पिशवी. तुम्ही त्यांना पहिलं विचारलंत, पोराचं काय झालं.

"लग गया अण्णा," रसूलभाई म्हणाले. "कल सेच लग गया. सब ठीक है."

तुमचा चेहरा किती खुलला म्हणून सांगू! नळी नाकात, ओठ सुकलेले, आणि तुम्ही माझ्याकडे वळून, दम खात म्हणालात, "बघ. हार कामाला आला."

मी रसूलभाईंकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. तेव्हाच मला कळलं. पुढं व्हरांड्यात त्यांनी कबूलही केलं, मुलगा घरीच बसलाय, कुणी बोलावलेलं नाही. पण ते नंतर. त्या क्षणी तुम्ही माझ्या उत्तराची वाट बघत होता. तुमचं प्रत्येक वाक्य खोडायची मला सवय, आणि तुम्हाला त्याची. तुम्ही वाट बघत होता की शैला आता काहीतरी म्हणणार.

"व्हय अण्णा," मी म्हणाले.

आपल्यातलं शेवटचं बोलणं ते. भांडण मी हरले असं समजून तुम्ही गेलात. बरं झालं की वाईट, मला ठरवता येत नाही. रसूलभाईंनी तुम्हाला शांत मरण दिलं, त्यांना मी दोष कसा देऊ? पण अण्णा, हार कामाला आला नाही. हे मी तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

तुमच्या लिंगायत रिवाजाप्रमाणे तुम्हाला घराच्या ओट्यावर बसवलं होतं. कपाळाला विभूती, गळ्यात बेलपत्रांची माळ, डोळे मिटलेले. चहा सांगून वाट बघत बसल्यासारखे दिसत होता. संगमेश आला, बरोबर फोटोवाला, हातात पक्षाचा घडी केलेला झेंडा. महांतेश आडवा झाला. "त्यो झेंडा नको आमाला. ह्या लोकांनीच बाबांना मारले." गर्दीत कुजबुज झाली. संगमेशचा चेहरा उतरला, आणि खरं सांगते, तो नाटक करत नव्हता. त्यालाही रडू येत होतं. तुम्ही म्हणायचा ते खरं असेल, पोरगं वाईट नसेल. त्यानं मला आणखीच हताश वाटलं. वाईट माणसानं हे केलं असतं तर निदान कुणावर तरी थुंकता आलं असतं.

अक्का तुमच्या पायाशी बसल्या होत्या. त्या महांतेशला म्हणाल्या, "झेंडा टाका. त्यो त्याचा न्हाई, ह्यांचा हाय." आणि संगमेश पुढं झाला तसा हात वर करून त्याला थांबवलं. "तू नको. शैला टाकल."

मी टाकला. तुम्ही बसलेले, म्हणून शालीसारखा खांद्यावर पांघरला. नवाकोरा होता, कडक इस्त्रीचा, राहीना, घसरायला लागला. मी तो दोन्ही हातांनी तुमच्या खांद्यावर दाबून धरला, लोक नमस्कार करून जाईपर्यंत. मग तुमच्या तुरीच्या रानात तुम्हाला माती दिली. स्वामी मंत्र म्हणत होते, आणि गर्दीतला प्रत्येक माणूस एकमेकांना सांगत होता की असा माणूस होणे नाही.

परवा शोकसभा झाली. पुन्हा तेच मंगल कार्यालय. स्टेजच्या मागं मोठा बॅनर, आणि बॅनरवर तुमचा तोच फोटो, हार घालतानाचा, वाकलेल्या संगमेशसकट. एकेक जण बोलत गेला. तुमचा त्याग, तुमची निष्ठा, पदाची कधी हाव धरली नाही असा माणूस. पदाची हाव धरली नाही! मी खाली बसून ऐकत होते आणि माझ्या कानात तुमचा आवाज होता, मागितल्याबिगर पक्षाला कळत न्हाई.

माझं नाव पुकारलं. मी माईकपुढं गेले. ठरवून काही गेले नव्हते. कुणाचं नाव घेतलं नाही, कुणावर आरोप केला नाही, कुणाला साक्षीला बोलावलं नाही. एवढंच म्हणाले, "अण्णा ह्या तालुक्याचे अध्यक्ष निवडून आलते. मोजणीला मी होते. हे सांगितल्याबिगर मला त्यांना नमस्कार करता येत न्हाई."

मी माईकपुढंच उभी राहिले. मला वाटलं, आता कुणी उठेल. मला हाताला धरून खाली उतरवतील, नाहीतर मागून एखादा म्हणेल, व्हय, मी मत टाकलो होतो. काहीतरी होईल.

संगमेश उठला. माझ्याजवळ आला, मला हात जोडले आणि माईक हातात घेतला.

"शैलाअक्का खरं बोलल्या," तो म्हणाला. "अण्णा निवडून आलते. तुमच्या माझ्या, समद्यांच्या मनात अण्णा कवाच निवडून आलते. ह्या तालुक्याचे खरे अध्यक्ष अण्णाच. मी तर त्यांचा सेवक हाय."

टाळ्यांचा कडकडाट झाला, अण्णा. माणसं उभी राहिली. ज्यांनी तुम्हाला मत दिलं तीही, ज्यांनी दिलं नाही तीही, मंगल कार्यालयाचा वॉचमनसुद्धा दारात उभा राहून टाळ्या वाजवत होता. ज्या गोष्टीसाठी मी कोर्टात जायला निघाले होते ती भर सभेत सांगून झाली होती, सगळ्यांनी मान्य केली होती, आणि तिच्यात काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या रांगेत रसूलभाई उभे होते. मुलगा शेजारी. दोघंही टाळ्या वाजवत होते, आणि रसूलभाई माझ्याकडे बघत होते, नजरेनंच विनवत होते की बेटी, बस कर आता.

मी खाली आले. माझ्या खुर्चीपाशी उभी राहिले. आजूबाजूच्या बायकांनी माझ्या हातांकडे पाहिलं.

मग मीही वाजवल्या.